डाव्या हाताची दाढी

आप्पांच्या गालावरचा साबण निघाला, दाढी मात्र होती तिथंच राहिली. सलग पाचवा दिवस. त्यांची लेक दीप्ती कालच्यासारखीच स्वयंपाकघराच्या दारातून बघत होती.

बेसिनपाशी आप्पांचं सगळं शिस्तीत चाललं होतं. कढत पाण्यात भिजवलेला ब्रश, वाटीत घोटलेला फेस, डाव्या हातात तो जुना स्टीलचा रेझर. उजवा हात तीन महिन्यांपूर्वी अर्धांगवायूच्या झटक्यात गेला, तो अजून खांद्यापासून नुसता लोंबत होता. तेव्हापासून दर रविवारी दीप्तीचा भाऊ प्रितम त्यांची दाढी करून द्यायचा. या सोमवारपासून मात्र आप्पांनी 'माझी मीच करणार' म्हणून हट्ट धरला. कानशिलापासून हनुवटीपर्यंत रेझर फिरायचा, पाण्यात बुडायचा, पुन्हा फिरायचा. फक्त त्यात ब्लेड नव्हतं.

दीप्तीनं सोमवारीच तो उघडून पाहिला होता. विसरभोळेपणाकडे लक्ष ठेवा, असं डॉक्टर म्हणालेच होते. त्यात साबणाची नवी वडी चार दिवसांत निम्मी झाली. म्हणजे दाढी केल्याचंही विसरत असणार. उद्या मध्येच आठवण झाली आणि एका हातानं ब्लेड लावायला गेले तर? या भीतीनं तिनं ब्लेडचं पाकीट उचलून आपल्या पर्समध्ये टाकलं आणि प्रितमला ट्रिमर आणायला सांगितला. आप्पांशी मात्र अवाक्षर काढलं नाही. तुमचं डोकं चालेनासं झालंय, हे बापाला तोंडावर सांगायचं तरी कसं?

आज बुद्धपौर्णिमा. दहा वाजता विहारात वंदना होती, आणि आता खंडूभाऊंची, म्हणजे आप्पांची, जीभ पुन्हा वळायला लागलीय तर वंदना त्यांनीच घ्यायची, असं वस्तीतल्या सगळ्यांनी ठरवून टाकलं होतं. पांढरा सदरा इस्त्री होऊन खुर्चीवर पडला होता. पाच दिवसांचे खुंट घेऊन चारचौघांत पुढं बसणारा माणूस आप्पा नव्हेत. आता बोलणं भागच होतं.

"आप्पा, आज मी करून देते," ती ट्रिमर घेऊन पुढं झाली. "दोन मिनिटांत होईल."

"ते कशाला?"

"आप्पा..." तिला रडूच यायला लागलं. "रेझरमध्ये ब्लेडच नाहीये हो. पाच दिवस झाले."

"असेल कसं?" आप्पा आरशातूनच तिच्याकडे बघत म्हणाले. "पाकीट तुझ्या पर्समध्ये आहे ना. तीन उरलीत त्यात. आण जा."

दीप्तीनं ट्रिमर बेसिनच्या कडेला ठेवला.

"मुद्दामच नव्हतं लावलं. मरोळला कारखान्यात सव्वीस वर्षं ग्राइंडरवर काढली मी. नवीन माणूस आला की आधी बंद मशीनवर हात बसवायचा. चालू मशीनवर शिकायला गेला तर बोटं जातात." आप्पांच्या तोंडाची डावी बाजू हसली. "उजव्यानं चाळीस वर्षं केली. डाव्याला पाच दिवस तर देशील? तू कामाला गेलीस की दुपारी अजून दोनदा करतो."

"मग सांगायचं ना मला! माझी वाट लागली इथं विचार करून करून."

"आणि जमलं नसतं तर? आधीच कशाला बोंब मारायची?"

तिनं पाकीट आणलं. मूठ फिरवून रेझर उघडायचा, ब्लेड नीट बसवायचं, वरची टोपी दाबून मूठ पुन्हा आवळायची. एवढ्या कामाला मात्र दोन हात लागतातच. ते तिनं केलं. दोन्हीकडची धार सारखी बाहेर आलीय ना, हे आप्पांनी उजेडात धरून तपासलं.

"पंखा बंद कर."

"का?"

"आवाज ऐकू यायला पाहिजे."

आणि खरंच, सगळं काम आवाजावर चाललं होतं. आप्पा रेझर दाबत नव्हते, तो आपल्या वजनानंच खाली येत होता. बारीक खरखर ऐकू आली की पुढं जायचं, ती थांबली की मूठ जराशी उचलून कोन बदलायचा. कातडी ताणायला दुसरा हात नाही, तर आप्पांनी गालात हवा भरली. गळ्याशी आले तेव्हा मान अशी मागं टाकली की कातडी आपोआप ताणली गेली. एक फेरा केसांच्या दिशेनं, मग पुन्हा फेस, मग आडवा फेरा. घाई म्हणून नाही. दोन धडधाकट हातांचा प्रितम रोज कुठं ना कुठं कापून घेतो, हे दीप्तीला आठवलं, आणि तिला बापाचा अभिमान वाटला.

उजव्या गालाशी गाडी अडली. त्या बाजूला हवा ठरेना. ओठाच्या कोपऱ्यातून फुस्सकन निघून जायची. आप्पांनी दोनदा करून पाहिलं. मग रेझर खाली घेतला.

"इथं धर," ते म्हणाले. "कानाजवळ. दोन बोटांनी, वर ओढून."

दीप्तीनं कातडी ताणून धरली. लहानपणानंतर पहिल्यांदाच तिनं बापाच्या गालाला हात लावला होता. रेझर तिच्या बोटांपासून सूतभर अंतरावर येऊन टेकला. आप्पांचा डावा हात जराही हलत नव्हता.

"पोरी," ते म्हणाले, "हात थरथरू देऊ नकोस."