जेवणाची सुट्टी

"आपली तक्रार आमच्यासाठी महत्त्वाची आहे." ग्राहक सेवेच्या फोनवर हे वाक्य कुसुम किन्नाकेनं नवव्यांदा ऐकलं. ऑनलाइन मागवलेला रिफर्बिश्ड, म्हणजे दुरुस्त करून विकलेला जुना लॅपटॉप दहा मिनिटांत तापून बंद पडायचा, आणि गोंडी लोकगीतांवरचा तिचा प्रबंध शुक्रवारी विद्यापीठात द्यायचा होता. आज सोमवार.

"मॅडम, तंत्रज्ञ पंधरा दिवसांत येईल," पलीकडची मुलगी म्हणाली. "अहो, शुक्रवारी प्रबंध द्यायचाय," कुसुम म्हणाली. रडू आवरत तिनं फोन ठेवला.

दुपारी अनोळखी नंबरवरून फोन आला. "मघाशी मीच बोलत होते, रेहाना. जेवणाची सुट्टी आहे, म्हणून माझ्या फोनवरून करतेय. ताई, घरात बारीक स्क्रू-ड्रायव्हर आहे का?"

कुसुमनं शिलाई मशीनच्या डब्यातला आणला. व्हिडिओ कॉलवर रेहाना सांगत गेली, तसं तिनं चार्जर काढून लॅपटॉपचं मागचं झाकण उघडलं. आतल्या पंख्याची वायर सुटून बाजूला पडली होती.

"तिची पिन हळूच दाबून बसवा."

झाकण लावून लॅपटॉप सुरू केल्यावर पंखा फिरू लागला. संध्याकाळपर्यंत लॅपटॉप एकदाही बंद पडला नाही.

"प्रबंधात तुमचं नाव घालते," कुसुमनं कळवलं.

"नको हो, नोकरी जाईल माझी!"

शुक्रवारी ऋणनिर्देश वाचताना मार्गदर्शक सर एका ओळीवर थांबले. "'स्वतःचं जेवण बाजूला ठेवून मदतीला आलेल्या ताई.' या कोण?"

"सर, प्रबंध लिहायला तुम्ही शिकवलंत," कुसुम म्हणाली. "त्यांनी तो बुडू दिला नाही."