किटलीचं वाण

आमदारांच्या पत्नीनं हळदीकुंकू लावून तेलाची नवीकोरी किटली रंजनाच्या हातात ठेवली. किटलीवर आमदारांचा हसरा फोटो होता. आत अर्थातच काही नव्हतं.

"आता छानसं नाव घ्या," म्हणत वहिनीसाहेबांनी माइक पुढे केला.

रंजनाचा नवरा आमदारांच्याच कारखान्यात कामाला होता. बिनफोडणीचं वरण जेवून निघताना तो सकाळीच बजावून गेला होता, "तिथं नीट नाव घे."

रंजनानं पदर सारखा केला.

"वाणात दिलीत किटली, महाग केलंत तेल,
अंकुशरावांचं नाव घेते, सांगा, घर कसं चालेल?"

वहिनीसाहेब माइक काढून घेऊ लागल्या, तोच रांगेतल्या मागच्या बाईनं तो घट्ट धरला.

"थांबा की वहिनीसाहेब, अजून आम्हा सगळ्यांची नावं घ्यायची राहिलीत."