दहा हात जास्त

नवं कॅथेड्रल बांधायचं ते केवळ देवाच्या महिम्यासाठी, असा ठराव सिएनाच्या पंचांनी केला. ते फ्लॉरेन्सच्या कॅथेड्रलपेक्षा दहा हात लांब असावं, हे ठरावाच्या पुढच्याच ओळीत होतं.

म्हणून मिस्त्री बिंदो यात्रेकरूची कफनी घालून फ्लॉरेन्सच्या कॅथेड्रलात लोटांगणं घालत होता. एक लोटांगण म्हणजे तीन हात. दर लोटांगणाला जपमाळेचा एक मणी पुढे. आकडा आणला, तर नव्या कामावर तो मुख्य मिस्त्री. नाही आणला, तर त्याचा मेव्हणा मेओ. मेओला ओळंबासुद्धा सरळ धरता येत नसे, पण बिंदोच्या बायकोचा भावावर फार जीव.

पहिल्या दिवशी मध्येच प्रेतयात्रा आली आणि आकडा चुकला. दुसऱ्या दिवशी एका कनवाळू बाईने त्याला उचलून बसवलं आणि हरभऱ्याचं गरम सूप पाजलं. तोही आकडा गेला. तिसऱ्या दिवशी मात्र तो थेट टोकाच्या फळ्यांच्या आडोशापर्यंत पोचला. तिथे म्हातारा झाडूवाला नूतो झाडूच्या दांड्यावर हनुवटी टेकून उभा होता.

"सिएनाचा का रे?"

"छे हो आजोबा, मी लुक्का गावचा."

"लुक्काची माणसं देवाला नवस बोलतात. तू तीन दिवस त्याला तीनचा पाढा म्हणून दाखवतोयस."

बिंदो उठून बसला. गुडघे सोलवटले होते. "आजोबा, पोटावर पाय देऊ नका. आकडा नेला नाही, तर मेव्हणा जन्मभर माझ्या डोक्यावर बसेल. या फळ्यांपलीकडे किती हात आहे, तेवढं सांगा."

नूतोने एक फळी सरकवली. पलीकडे चुन्याचे ढीग होते, दोन शेळ्या होत्या आणि कोबीचा वाफा होता.

"लांबी अजून ठरलीच नाही, बाबा. आमचा माणूस गेलाय ना तुमच्याकडे, तुमचं मोजायला! तो आला की त्यात दहा मिळवायचे."

बिंदोने जपमाळ गळ्यात अडकवली आणि सिएनाची वाट धरली.

परतीचा डोंगर चढता चढता त्याने मनानेच एक आकडा पक्का केला आणि पंचांपुढे छातीठोकपणे सांगितला. पंचांनी त्यात दहा मिळवले. मेओचं तोंड पडलं.

अठरा वर्षांनी नव्या भिंती कलल्या, म्हणून पाडाव्या लागल्या. पाडकामावर मुख्य मिस्त्री बिंदोच होता.