लख्ख जाळी

“आई, जाळी कितीही काळी, बुळबुळीत होऊ दे, घासायची नाही. तो थर म्हणजेच जिवाणू, आणि तेच वीज करतात.”

परसातल्या सांडपाण्याच्या टाकीत नवी जाळी सोडताना लेकीने, अवनीने, बजावलं होतं. गावात दुसरी वीज नव्हती; शेजारच्यांच्या जुन्या जाळ्यांवर जेमतेम दिवे लागत. हिच्यावर अवनीच्या वडिलांचं, भार्गवरावांचं, प्राणवायूचं यंत्र चार वर्षं चाललं. वत्सलाबाईंनी तिला कधी बोटही लावलं नाही.

आज गौरींसाठी आलेल्या थोरल्या जाऊबाई ती चिंचेने घासून कौतुकाने दाखवत होत्या. “बघ, ताम्हणासारखी निघाली! एवढी सोवळ्याची तू, आणि परसात ही घाण गं?”

वत्सलाबाई आत धावल्या. नवा थर धरायला वीस दिवस लागणार. बॅटरी दोन तासांची, आणि दवाखाना चार तासांवर.

यंत्राचा बदललेला आवाज भार्गवरावांनी ओळखला होता. सगळं ऐकून ते धापा टाकत म्हणाले, “वहिनींना कळू देऊ नकोस. जन्मभर स्वतःला खातील. शब्द दे.”

“दिला.”

वत्सलाबाईंनी पदराने डोळे कोरडे केले आणि जाऊबाईंच्या हातांवर पाणी घालायला तांब्या घेऊन त्या परसाकडे निघाल्या.