दाराबाहेरचे सर

केकचा रिकामा खोका.

डाव्या गुडघ्याला बांधलेला पट्टा.

"आई, तू आईच आहेस कशावरून?"

दोनची गाडी.

काचेवर टेकलेला हात. हात सरांचा. सर दाराबाहेर, ती दाराच्या आत, आणि दार उघडायचं सरांचं कार्ड तिच्या मागे टेबलावर.

"उघडा हो," सर म्हणाले. "फोन करायला जिन्यात आलो आणि कार्ड आतच राहिलं."

सर शिकवत होते तो वर्ग जेवायला खाली गेला होता. दारावर तिची पाळी होती. तिचा हात सवयीने कडीकडे गेला. इतकी वर्षं खालच्या स्वागतकक्षात बसून तिने हेच तर केलं होतं. येईल त्याला हसून 'या, बसा'. वर्गाने तिचं नावच 'याबसा' ठेवलं होतं. आता तिच्या खुर्चीच्या जागी बोट टेकवायचं यंत्र येणार होतं. संगणक-सुरक्षेचं हे पहिलंवहिलं प्रमाणपत्र मिळालं तर वरच्या मजल्यावर सुरक्षा कक्षात जागा. नाहीतर घरचा रस्ता.

पहिल्या प्रात्यक्षिकात ती सपशेल आपटली होती. एक माणूस दोन्ही हातांत केकचा खोका घेऊन आला. तिने दार नुसतं उघडलं नाही, धरून ठेवलं. "सावकाश हं, क्रीम लागेल," असंही वर म्हणाली. खोका रिकामा होता. त्या माणसाने आत जाऊन प्रत्येक संगणकावर 'हा चोरीला गेला' अशी चिठ्ठी चिकटवली. वर्ग हसून लोटपोट झाला.

सर हसले नाहीत.

"दार धरणं हा चांगुलपणाच आहे," ते म्हणाले. "म्हणून तर चोर पासवर्ड फोडत बसत नाही, चांगुलपणाच वापरतो. घाई लावतो, ओळख सांगतो, दया यायला लावतो. तुम्ही चांगुलपणा सोडू नका, ताई. त्याला फक्त आधी एक फोन करायला शिकवा. तुम्हाला आणखी एक संधी देईन. कधी, ते सांगणार नाही. कोण येईल, तेही नाही."

तेव्हापासून तिला सावलीचाही भरवसा वाटेना. नव्या नंबरवरून आईचा फोन आला, तर तिचीही उलटतपासणी. "आईच कशावरून? घरी ये, कान धरून पटवते," आई म्हणाली, तेव्हा कुठे पटलं.

तिने कडीवरचा हात मागे घेतला.

"कार्डाशिवाय नाही, सर."

"मला ओळखत नाही का तुम्ही?"

ओळख, ती मनात म्हणाली.

"अहो, मुलीला मुलगी झाली. वर्गात फोन बंद होता, जावयाचा निरोप आत्ता पाहिला. दोनची गाडी गाठायचीय मला."

घाई.

सरांनी भिंतीला टेकून डावा पाय सैल सोडला आणि गुडघ्याच्या पट्ट्यावरून हात फिरवला.

आणि ही दया! तिला आतून हसू फुटलं. काय हुबेहूब करतात सर! कपाळावरचा घामसुद्धा खरा.

"निदान बॅग तरी बाहेर द्या."

"त्यात लॅपटॉप आहे, सर. कसा देऊ?"

सरांनी आपला फोन काचेला लावला. "हा घ्या गेटवरच्या वॉचमनचा नंबर. त्याला विचारा."

"नंबर माझ्याकडे आहे, सर." तिने भिंतीवरच्या फोनवरून स्वतः गेटला फोन लावला. वॉचमन मागच्या फाटकावर सामान उतरवून घेत होता. "आलोच ताई, जरा दम धरा," म्हणाला.

सरांनी घड्याळ पाहिलं. "अहो, ही परीक्षा नाहीये!"

"चोरही असंच म्हणेल ना, सर?"

सरांनी काचेतून तिच्याकडे पाहिलं. कपाळावरची आठी हळूहळू गेली.

"बरोबर आहे," ते म्हणाले.

"जिन्याजवळ बाक आहे, सर. बसा."

सर बसले. पुन्हा त्यांनी दार वाजवलं नाही, हाक मारली नाही. घड्याळही पाहिलं नाही. तेच तिला जड गेलं. खरंच असेल तर? हात पुन्हा कडीपर्यंत गेला. केकचा खोका आठवला. हात खाली आला.

वॉचमन धापा टाकत वर आला, सरांचा चेहरा आपल्याकडच्या फोटोशी ताडून पाहिला आणि आपल्या किल्लीने दार उघडलं. "खुद्द सरांनाच अडवलंत? कमाल आहे तुमची, ताई!"

"कमालच आहे," सर म्हणाले.

ते लंगडत टेबलापाशी गेले. कार्डाला हात लावला नाही, बॅगेलाही नाही. निकालाचा कागद ओढला, तिच्या नावापुढे 'उत्तीर्ण' लिहिलं आणि सावकाश सही केली.

तिचे डोळे भरून आले. "सर, दोनची गाडी चुकेल हं," ती हसत म्हणाली.

"चुकली." सरही हसले. "आता निवांत चहा पिऊ."

"नातीचं तर काय जमवलंत, सर! मी उघडणारच होते."

"बरं, नाव काय ठेवावं म्हणता तिचं?"

आता मात्र ती पोट धरून हसली. सरांनी चष्मा काढून पुसला.

सरांची नात त्याच दिवशी सकाळी जन्मली होती.