मागच्या काचेवरचं स्टिकर

कॉलेजच्या ऑनलाइन पत्रात वरती ‘अभिनंदन’ होतं आणि खाली फीसाठीच्या मदतीची यादी. त्यातली निम्मी मदत म्हणजे कर्ज होतं. शिष्यवृत्तीपुढचं ‘स्वीकार’ कोरीनने पहिल्याच दिवशी दाबलं होतं. कर्जापाशी मात्र ती आठवडाभर अडून बसली होती. आज शेवटचा दिवस होता.

“नकोच ते,” ती बापाला म्हणाली. “गावातलं दोन वर्षांचं कॉलेज काय वाईट आहे? घरून जाईन.”

वेंडेल लोकांची छपरं शाकारायचा आणि मोजकंच बोलायचा. त्याने तोंडातला सँडविचचा घास आधी संपवला.

“आता नाही जमायचं. ट्रकच्या मागच्या काचेवर तुझ्या त्या मोठ्या कॉलेजचं स्टिकर लावून बसलोय. कालपासून खरवडतोय, निघत नाही.”

“म्हणून मी कर्ज घेऊ? बाबा, डोकं ठिकाणावर आहे ना तुझं?”

“कर्जाचं काय, फेडू दोघं मिळून. पण काच बदलायची म्हणजे डोक्याला ताप.”

थट्टा करतोय का, म्हणून कोरीनने त्याच्याकडे निरखून पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. शेवटी तिने कर्जापुढचं ‘स्वीकार’ दाबलं. “बरं,” म्हणून वेंडेल बाहेर गेला.

ताटल्या विसळताना तिने खिडकीतून पाहिलं. ट्रकची मागची काच कोरी करकरीत होती. बाप ती फडक्याने पुसत होता, आणि मागचा कागदही न सोललेलं स्टिकर त्याने दातांत धरलं होतं.