चौथा फ्लास्क

“युरिया?” मैथिलीचा आवाज चिरकला. “जानरावभाऊ, तुम्ही यात युरिया टाकला?”

“चिमूटभर. पिवयं पडलं होतं ना, मॅडम. कपाशी अशी पडली का आमी हेच टाकतो. बाकी दोघाईले आज टाकणार होतो.”

साडेदहा वाजले होते. अकराला फेलोशिपची समिती.

एक, दोन, तीन

हे फ्लास्क हिरवेच राहायचे होते. यांतल्या शेवाळाला पोटभर नायट्रेट, म्हणजे नत्राचं खत, होतं. ते नुसतं वाढत होतं. तेल करत नव्हतं.

पाच, सहा

यांना बारा दिवस नायट्रेट नाही. वाढ थांबली, शेवाळ पिवळं पडलं, पेशीपेशीत तेल साठलं. उपाशी राहिलं की ते असंच करतं. मैथिलीला हेच दाखवायचं होतं. उपाशी फ्लास्क तीन, तिन्ही पिवळे. तिन्ही सारखे आले तर फेलोशिप पुढे चालू. नाहीतर याच महिन्यात बंद.

तिसरा उपाशी, म्हणजे चार नंबरचा. मैथिली तीन दिवस अकोल्याला आईकडे गेली आणि तो हिरवा झाला.

“हा मोरीत ओता,” ती म्हणाली. “कोणी विचारलं तर फुटला. खरं कळलं तर कमलाकांत सर तुमचं कंत्राट पुढे चालू ठेवणार नाहीत.”

जानरावांनी फ्लास्क उजेडात धरला. बराच वेळ. हिवरखेडची दोन एकर सांभाळून ते पाच वर्षं या प्रयोगशाळेत काचा धूत होते.

“जी,” ते म्हणाले.

आपण हे त्यांच्यासाठी करतोय, असं मैथिलीने स्वतःला सांगितलं. जिना चढताना पुन्हा एकदा सांगितलं.

पाच, सहा

पडद्यावर दोनच आकडे. तिसरी जागा रिकामी.

“चार?” बाहेरून आलेल्या परीक्षक चारुशीलाबाईंनी चष्मा वर केला.

“फुटला, मॅडम.”

“फुटला की बिघडला?”

शेजारी कमलाकांत सर, तिचे मार्गदर्शक, कागद चाळत होते.

“फुटला.”

“हं. होतं असं. दोन तर चांगले आलेत.” बाईंनी पेनाचं टोपण काढलं. मैथिलीने बारा दिवसांत पहिल्यांदा पूर्ण श्वास घेतला.

दार वाजलं.

चार

जानरावांनी तो दोन्ही हातांनी छातीशी धरला होता. पावसानंतरच्या बांधासारखा हिरवा. समितीकडे त्यांनी पाहिलंच नाही.

“युरिया म्याच टाकला, तसं लिहा,” ते मैथिलीला म्हणाले. “पण जितं झालं हे, मॅडम. मोरीत ओतणं नाही झालं माह्याकून.”